नांवांची यादी आणि समुद्राचा बांध
(अभ्यासवर्गाकरितां पाठ)

पाठाचा उद्देश: मोठ्या संकटानंतर लोक पुन्हां उभे कसे राहतात, हें एका विखुरलेल्या समाजाच्या इतिहासावरून समजून घेणें.

कुळाची वंशावळ म्हटली म्हणजे बहुधा थोरवीची आठवण होते. अमक्या घराण्यास वतन मिळालें, तमक्या पूर्वजानें गड जिंकिला, असें कुलवृत्तांतांत मोठ्या अभिमानानें लिहिलेलें असतें. मग ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्याच्या शेतावर राबले, त्यांस असें वाटतें कीं, आपल्या कुळाविषयीं लिहिण्याजोगें आहे तरी काय? ह्या प्रश्नाचा उलगडा अमेरिका खंडांतील अकेडियन नांवाच्या लोकांच्या इतिहासावरून होतो. त्यांचे पूर्वज शेतकरी व कोळी होते. तरी आज त्यांच्यांत एकेका आडनांवाचीं कुलमंडळें आहेत. हीं मंडळें पूर्वजांचीं नांवें जमवितात, कोण कोणाचा कोण हें लिहून ठेवितात, आणि दूरदूरच्या नातलगांस मेळाव्यास बोलावितात. ह्या लोकांपैकीं पुष्कळ जण अशा किनाऱ्यावर राहतात कीं, जेथें मोठीं चक्रीवादळें वारंवार येतात. कुळाची आठवण आणि वादळानंतर उभें राहण्याची शक्ति ह्या दोहोंचा संबंध काय, तें आपण पाहूं.

१. बांध घालणारे लोक

१६०५ सालीं फ्रेंच लोकांनीं आजच्या कॅनडा देशाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांत पोर्ट रॉयल नांवाची वसाहत स्थापिली. भोंवतालच्या मुलखास ते अकेडिया म्हणत. १६३० नंतर तेथें फ्रान्सहून शेतकरी कुटुंबें येऊं लागलीं. ह्या मुलखास लागून फंडीचा उपसागर आहे. जगांतील सर्वांत मोठी भरती तेथें येते. कांहीं ठिकाणीं पाणी ५० फुटांपर्यंत चढतें. भरतीखालीं जाणारी गाळाची जमीन सुपीक, पण खारट होती. अकेडियन लोकांनीं हीच जमीन समुद्रापासून सोडविली.

ते मुळ्यांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ढेपांचा बांध घालीत व बांधाच्या तळाशीं एक लांकडी नळ बसवीत. नळांत लोंबती झडप असे. ओहोटीच्या वेळीं आंतील पावसाचें पाणी झडप ढकलून बाहेर जाई. भरती आली म्हणजे समुद्राचें पाणी बाहेरून तीच झडप दाबून बंद करी. कोंकणांतील वाचकांस खारजमिनीचा बांध व त्याची उघाडी ठाऊक आहे. ही रचना तशाच प्रकारची होती. दोन-तीन वर्षांच्या पावसानें मीठ धुऊन गेलें म्हणजे त्या जमिनींत गहूं पिके.

आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, असा बांध एकट्याचा नसतो. एकाच्या हद्दींत भगदाड पडलें तरी शेजाऱ्यांचीं शेतेंही खारीं होतात. म्हणून बांध घालणें व राखणें हें साऱ्या गांवाचें काम झालें. ‘माझ्या शेतापुढें फुटला नाहीं’ असें म्हणून कोणास स्वस्थ बसतां येत नसे. ह्या लोकांस एकमेकांच्या हांकेला जाण्याची संवय पडली ती ह्या चिखलांत.

२. १७५५ ची ताटातूट

१७१३ च्या तहानें हा मुलूख फ्रान्सकडून इंग्लंडकडे गेला. नव्या सरकारानें राजनिष्ठेची शपथ मागितली. लोकांचें म्हणणें असें होतें कीं, आम्ही राजाचे प्रजाजन होऊन राहूं, परंतु फ्रेंचांविरुद्ध किंवा आमचे शेजारी जे मिकमाक नांवाचे मूळ रहिवासी त्यांच्याविरुद्ध हत्यार धरणार नाहीं. हा वाद चाळीस वर्षें चालला. शेवटीं २८ जुलै १७५५ रोजीं प्रांताधिकारी चार्ल्स लॉरेन्स व त्याचें मंडळ ह्यांनीं अकेडियन लोकांस देशाबाहेर घालविण्याचा ठराव केला. ५ सप्टेंबर रोजीं ग्रां-प्रे गांवच्या देवळांत ४१८ पुरुष व मुलगे बोलावून त्यांस हा हुकूम वाचून दाखविण्यांत आला. जमीन व गुरें सरकारजमा झालीं. पुढें घरें जाळण्यांत आलीं.

हे लोक पुन्हां एकत्र जमूं नयेत म्हणून त्यांस निरनिराळ्या इंग्रज वसाहतींत वांटून दिलें. गडबडींत एकाच घरचीं माणसें वेगवेगळ्या गलबतांवर चढलीं. व्हर्जिनिया वसाहतीनें त्यांस ठेवून घेण्याचें नाकारिलें, तेव्हां त्यांची रवानगी इंग्लंडास झाली. १७५८ च्या डिसेंबरांत दोन जहाजें बुडून शेंकडों माणसें मेलीं. १७६३ पर्यंत सुमारे १०,००० माणसें अशा रीतीनें देशोधडीस लागलीं, आणि रोगराईनें हजारों दगावलीं. अकेडियन लोकांचें हें पहिलें वादळ होय, आणि तें माणसांनीं आणिलेलें होतें.

३. नांवें जपून ठेविलीं

लढाई संपल्यावर हे लोक आपापल्या माणसांचा शोध करूं लागले. १७६५ सालीं जोसेफ ब्रूसार ह्याच्यासंगें सुमारे २०० माणसें जहाजानें लुइझियाना प्रांतांत पोहोंचलीं. तो प्रांत त्या वेळीं स्पेनकडे होता. त्याच वर्षीं ब्रूसार मरण पावला. परंतु वस्ती टिकली. १७८५ सालीं फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० अकेडियन तेथें आले. ‘अकेडियन’ ह्या शब्दाचाच अपभ्रंश होऊन त्यांच्या वंशजांस पुढें ‘केजन’ म्हणूं लागले.

तेथेंही त्यांची परीक्षा संपली नाहीं. १९२१ च्या प्रांतिक राज्यघटनेनें शाळांतून इंग्रजी भाषा सक्तीची केली, आणि फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा होऊं लागल्या. पुष्कळ घरांत आजीची भाषा नातवास समजेनाशी झाली. १९६८ सालीं त्याच प्रांताच्या सरकारानें फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठीं एक मंडळ स्थापिलें. भाषा लुळी पडली तेव्हां आडनांवांनीं धागा धरून ठेविला: ब्रूसार, लांद्री, लब्लां, एबेर, तिबोदो. ह्याच नांवांचीं कुलमंडळें झालीं. लुइझियानांतील सेंट मार्टिनव्हिल गांवीं एका भिंतीवर तेथें आलेल्या सुमारे ३,००० अकेडियनांचीं नांवें कोरिलेलीं आहेत. त्यांत राजे किंवा सरदार नाहींत. आलेलीं माणसें आहेत, इतकेंच.

१९९४ पासून दर पांच वर्षांनीं सर्व अकेडियनांचा मोठा मेळा भरत आला आहे. १९९९ सालीं तो लुइझियानांत व २०२४ सालीं नोव्हा स्कोशियांत भरला. एकेका कुळाचे मेळावे हा त्याचा गाभा असतो. २००३ च्या डिसेंबरांत राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या नांवानें निघालेल्या जाहीरनाम्यांत हद्दपारीचे दुःखद परिणाम मान्य करण्यांत आले, आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरविण्यांत आला. अडीचशें वर्षें नांवें जपिलीं नसतीं तर हें मागावयास कोणी उरलें नसतें.

४. वादळाचे दिवस

दक्षिण लुइझियाना हा दलदलीचा, सखल प्रदेश आहे. १८९३ च्या ऑक्टोबरांत शेनिएर कॅमिनाडा नांवाचें कोळ्यांचें गांव एका रात्रींत वाहून गेलें. तेथील सुमारे १,५०० वस्तीपैकीं निम्म्याहून अधिक माणसें मेलीं. उरलेले लोक आंतल्या बाजूस सरकून वसले.

२७ जून १९५७ रोजीं ऑड्री नांवाचें वादळ कॅमरन परगण्यावर आलें. वादळ येणार हें लोकांस ठाऊक होतें. परंतु अजून वेळ आहे, सकाळीं निघूं, असा विचार करून पुष्कळ जण झोंपीं गेले. रात्रींत वादळाचा वेग वाढला व पहांटे पाणी दारांत आलें. ४०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १९३७ सालीं बांधिलेली भक्कम कचेरी तेवढी उभी राहिली, आणि तींत शिरलेले लोक वांचले.

२४ सप्टेंबर २००५ रोजीं रीटा वादळानें तोच परगणा पुन्हां उध्वस्त केला. घरांचीं नुसतीं जोतीं राहिलीं. परंतु ह्या वेळीं बहुतेक सर्व लोक आधींच निघून गेले होते, म्हणून १९५७ सारखा संहार झाला नाहीं. ज्या घरांत ऑड्रीची गोष्ट सांगितली जात होती, त्या घरांत ‘सकाळीं निघूं’ असें कोण म्हणेल? पूर्वजांच्या स्मरणाचा हा एक रोकडा उपयोग होय. पुढें २७ ऑगस्ट २०२० रोजीं लॉरा वादळ ताशीं १५० मैल वेगाच्या वाऱ्यासह तेथेंच आलें, आणि सहा आठवड्यांनीं डेल्टा वादळ. ती जुनी कचेरी तेव्हांही उभी होती. २९ ऑगस्ट २०२१ रोजीं आयडा वादळानें पूर्वेकडील लाफुर्श व टेरबोन हे परगणे झोडपिले.

५. हातभार

केजन लोकांत ‘कू द मॅं’ म्हणून एक जुनी रीत आहे. तिचा अर्थ हातभार असा होतो. कोणाचें घर बांधावयाचें असो कीं पीक काढावयाचें असो, शेजारी आपापलीं अवजारें घेऊन येतात. मजुरी नसते, पुढें आपल्यावर वेळ आली म्हणजे ते येतात. थंडींत मिळून डुक्कर कापण्याचीही रीत होती. घरांत मांस टिकविण्याची सोय नसे, म्हणून तें सर्व घरीं वांटीत, आणि पुढल्या खेपेस दुसऱ्याची पाळी असे. अशा रीतीनें कोणाच्या घरीं किती तोंडें आहेत हें सर्वांस ठाऊक राही.

२००५ सालीं कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें तेव्हां ह्याच प्रदेशांतील साधे लोक मासेमारीच्या होड्या गाड्यांवर लादून तेथें गेले व घरांच्या छपरांवर अडकलेल्यांस त्यांनीं उतरविलें. २०१६ च्या पुरांतही त्यांनीं हेंच केलें. होडींत घेतांना त्यांनीं कोणाचें आडनांव विचारिलें नाहीं. कुळाचें प्रेम कुळापाशींच थांबलें तर तो अभिमान होतो. तें दुसऱ्याच्या छपरापर्यंत पोहोंचलें तर तो शेजारधर्म होय. त्या किनाऱ्यावर मूळ रहिवासी व काळे लोकही राहतात, आणि वादळ सर्वांवर सारखेंच येतें.

६. जे परत येऊं शकत नाहींत

आतां एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. पुन्हां उभें राहणें म्हणजे नेहमीं त्याच जागीं परत जाणें नव्हे. १९३२ पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखालीं गेली आहे. मिसिसिपी नदीस दोहों बाजूंनीं बांध घातल्यामुळें पुराचा गाळ दलदलीवर पसरेनासा झाला. तेलासाठीं खणलेल्या कालव्यांतून खारें पाणी आंत शिरलें. आणि जमीन खचूं लागली. बांध घालून समुद्रापासून जमीन घेणाऱ्या लोकांचे वंशज आज अंशतः बांधांमुळेंच जमीन गमावीत आहेत.

वादळानंतर कित्येकांनीं उंच खांबांवर घरें बांधिलीं. परंतु ज्यांस खर्च झेपला नाहीं ते गेले. कॅमरन परगण्याची लोकसंख्या २००० सालीं ९,९९१ होती. २०१० सालीं ६,८३९ व २०२० सालीं ५,६१७ राहिली. गेलेल्यांस भित्रे म्हणूं नये. त्यांनीं आपलीं मुलें वांचविलीं.

अशा माणसांसाठींच कुलमंडळाची खरी गरज आहे. जमीन गेली तर गांवच्या दप्तरांतून मनुष्याचें नांव कमी होतें; कुळाच्या यादींतून होत नाहीं. मेळाव्याकरितां जमविलेले पत्ते वादळानंतर ‘कोण सुखरूप आहे, कोणाचा निरोप नाहीं’ हें पाहण्यास उपयोगीं पडतात. अट इतकीच कीं, ती यादी वादळापूर्वीं लिहिलेली असली पाहिजे. पाणी दारांत आल्यावर बांध घालतां येत नाहीं, आणि नांवेंही जमवितां येत नाहींत.

विचारासाठीं प्रश्न

१. एकाच्या हद्दींतील भगदाडानें सर्वांचीं शेतें बुडतात. आपल्या गांवांत असें कोणतें काम आहे कीं, जें एकानें टाळिल्यास सर्वांचें नुकसान होतें?

२. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें रायगडचा किनारा झोडपिला. अशा वेळीं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यास हांक कोण मारील, हें आपल्या वाडींत आधीं ठरलेलें आहे काय?

३. पुष्कळांचें आपल्या जुन्या भाऊबंदांशीं येणें-जाणें तुटलेलें असतें. कित्येक पोटासाठीं मुंबईस गेले व परतले नाहींत. त्यांपैकीं किती जणांचीं नांवें व ठिकाणें आपणांस आज लिहून देतां येतील?

४. वर्गांतील प्रत्येकानें एका कोऱ्या कागदावर आजा-आजीपासून आपल्या घरच्या सर्व माणसांचीं नांवें लिहावीं; लेकी व सुना विसरूं नयेत. ज्यास लिहितां येत नाहीं त्यास शेजाऱ्यानें लिहून द्यावें. शेवटीं ज्याचें कोणी नाहीं अशा एका शेजाऱ्याचेंही नांव त्या कागदावर घालावें, आणि तो कागद पावसाळ्यापूर्वीं कोरड्या जागीं ठेवावा.