लादी झाकू नको, खिडकी कापू नको

अगं, दादरच्या जुन्या इमारतीत घर घेतलंस, तेही एवढ्या उंच छताचं, याचा आनंद मला फोनवर नीट सांगताच आला नाही. म्हणून आता निवांत बसून लिहितेय. इंटिरिअरवाल्यांनी पाठवलेली चित्रं पाहिली. देखणी आहेत. करडा सोफा, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत, छताखाली आणखी एक छत आणि त्यात लपवलेले दिवे. पण ओली छत्री कुठे ठेवायची ते त्यांत दिसत नाही. सासूबाईंचा औषधांचा डबा नाही, मुलाचं दप्तर नाही, दाराशी चपला नाहीत. आणि दिवाणखान्यातल्या त्या हिरव्या-तांबड्या नक्षीच्या लाद्या तर पार नाहीशा झाल्यात! त्यांच्यावर पांढऱ्या चकचकीत टाइल्स चढवल्यात. यावर मला बोलायचंच आहे.

आधी लाद्यांचंच बोलू. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत 1930-40 च्या सुमाराला ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या कितीतरी घरांत अशा लाद्या होत्या. या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे असतात, त्या प्रत्येक कप्प्यात रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण कारागीर हाताने ओततो, वर सिमेंट-वाळूचा थर देतो, मग यंत्राने दाब देऊन लादी तयार होते आणि ती पाण्यात मुरवतात. म्हणजे रंग वरून छापलेला नसतो, चांगला काही मिलिमीटर जाड असतो. म्हणून तर इतकी वर्षं माणसं वावरूनही नक्षी जागच्या जागी आहे. फिरोजशा सिधवा यांनी 1922 साली भारत टाइल्स सुरू केली, ती परदेशी लादीच्या तोडीची देशी लादी करायची या स्वदेशीच्या ध्यासातून. तुझ्या घरातली लादी कुणी केली ते मला ठाऊक नाही, पण ती त्याच काळाची आहे. तिच्यावर चिकटवायचा मसाला एकदा पसरला की ती पुन्हा नीट निघत नाही, हे लक्षात ठेव.

तू म्हणशील, ताई, दोन-तीन लाद्या फुटल्यात, रंगही मळलाय. त्याला उपाय आहे. स्वयंपाकघरात किंवा आतल्या खोलीत, जिथे कपाट कायमचं उभं राहणार आहे, तिथल्या धड लाद्या अलगद काढून घे आणि दिवाणखान्यात लाव. कपाटाखाली साधं सिमेंट चालतं. मग घासाई करून घे, पण अनुभवी माणसाकडून, कारण रंगाचा थर जाड असला तरी अमर्याद नाही. आणि साफसफाईवाल्यांना ॲसिडची बाटली घेऊन आत येऊ देऊ नको. सिमेंट ॲसिडने खाल्लं जातं, मग कितीही घासलंस तरी तो तजेला येत नाही.

आता खिडक्या. सागवानी दोन फळ्यांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या, असं त्या चित्रांत आहे. सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, अर्धा भाग काचेआडच राहतो. तुझ्या जुन्या खिडकीच्या फळ्या भिंतीपर्यंत मागे जातात, सगळी चौकट वाऱ्याला मोकळी होते. वर छताजवळ जे लहान झरोके आहेत ना, त्यांतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडते. दहा-साडेदहा फुटांचं छत त्यासाठीच उंच बांधलेलं होतं. खाली पीओपीचं दुसरं छत लावलंस तर उंचीही जाईल, झरोकेही झाकले जातील, आणि मग मे महिन्यात दिवसभर एसी लावून बसावं लागेल. लाकूड कुजलं असेल तर तेवढा तुकडा बदलून घे, बिजागऱ्या नव्या बसव, डासांसाठी आतून जाळी लाव. मूळ चौकट मात्र राहू दे.

आणि झोपायच्या खोलीतलं ते भिंतभर कपाट! अर्धी खिडकी त्याच्यामागे जातेय. समोर बदामाचं झाड आहे, हे चित्र काढणाऱ्याला कोण सांगणार? रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकी संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, 1984 साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते छापून आलं. ज्यांना खाटेवरून खिडकीबाहेर झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी लागली. तू रोज रात्री दमून येतेस, सकाळी उठल्याबरोबर फोन बघतेस. तुझी नजर सकाळी आधी त्या झाडावर पडावी असं मला फार वाटतं. कपाट आखूड कर. कपडे कमी घे.

आता दाराशी ये. जुन्या घरांत कोण येणार, कुठपर्यंत येणार, कुठे बसणार, हे बांधतानाच ठरलेलं असे. वाड्यात ओसरी होती, मग माजघर, मधे चौक. पुण्यात येशील तेव्हा आपण विश्रामबागवाडा बघायला जाऊ, दुसऱ्या बाजीरावासाठी 1807 च्या सुमाराला बांधलेला. त्याची लाकडी नक्षी सगळेच बघतात. तू चौकात उभी राहा आणि उजेड कुठून कुठे जातो ते बघ. गोव्यातल्या घरांना दाराबाहेर समोरासमोर दोन दगडी बाकांची जागा असते, संध्याकाळी घरातले तिथे बसतात आणि जाणारा-येणारा दोन शब्द बोलून जातो. तुझ्याकडे ओसरी नाही, पण दारामागे चार फूट जागा आहे. तिथे आरशाची शोभेची भिंत करण्यापेक्षा एक लाकडी बाक ठेव. खाली चपला, बाजूला छत्र्यांसाठी पितळी पिंप, वर चार खुंट्या. शेजारच्या काकू किल्ली द्यायला येतील तेव्हा त्यांनाही टेकता येईल.

सासूबाईंचं तर मुद्दाम सांगते. चित्रातला तो सोफा फार खोल आणि बुटका आहे. गुडघे दुखणारं माणूस त्यात बसलं की कुणीतरी हात दिल्याशिवाय उठत नाही, आणि असं रोज हात मागणं त्यांना आवडणार नाही. सतरा-अठरा इंच उंचीची, हात असलेली एक खुर्ची त्यांच्यासाठी घे, खिडकीजवळ ठेव. न्हाणीघरात धरायला दांडा आणि न घसरणारी फरशी. त्यांच्या पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण. दिवे घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाच: बसायच्या-झोपायच्या खोलीला 2700 ते 3000, ओट्यावर 4000 चालेल. ओट्याचा दिवा वरच्या फळीखाली लाव, म्हणजे भाजी चिरताना स्वतःचीच सावली पाटावर पडणार नाही.

आजीच्या वस्तूंबद्दल तू विचारलंस. त्या काचेच्या कपाटात मांडू नको. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवतंय? दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, घरोघरी रोज हातात असलेल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. त्या इतक्या घाटदार का, तर करणाऱ्याला माहीत होतं की ही वस्तू रोज कुणाच्या तरी हातात येणार. जपायचं काम संग्रहालय करतंय. तू पितळी डब्यांत डाळी-तांदूळ भर. आजीचा पाट मुलाला जेवायला दे. संदुकीत पांघरुणं ठेव आणि तिच्यावरच गादी टाकून बसायला घे. आईच्या विरलेल्या खणांच्या उशा शिवून घे. ओरखडे पडतील, पडू देत.

भिंतीवर वारलीचा छापील वॉलपेपर मात्र लावू नको, कळकळीने सांगते. ती चित्रं मुळात लग्नघरी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका काढत. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजही डहाणू-जव्हारकडे चित्रकार आहेत. एक लहानसंच चित्र घे, पण हाताने काढलेलं, काढणाऱ्याचं नाव विचारून, त्याने सांगितलेले पैसे देऊन. उरलेली भिंत रिकामी राहिली तरी चालेल. तुझा मुलगा काहीतरी काढेलच.

कुठलीही भिंत पाडायच्या आधी सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला, यात हयगय नको.

आणि शेवटचं. सुतार एवढ्यात बोलावू नको. पलंग, गॅस, पंखे, सासूबाईंची खुर्ची एवढ्यावर राहायला जा आणि एक पावसाळा काढ. कुठल्या भिंतीला ओल येते, झड कुठल्या खिडकीतून आत येते, दुपारी सगळे नकळत कुठे येऊन बसतात, हे तेव्हाच कळेल. त्यानंतर कपाटांची मापं दे. दिवाळीपर्यंत काम पुरं होणार नाही, तर नाही. फराळाला आलेल्यांना सतरंजीवर बसव. मी आदल्या दिवशीच येते, माझी सतरंजी घेऊन.