सुपरवायझरच्या कानापर्यंत

कारखान्यातील नेतृत्वाची पहिली पायरी म्हणजे लाइन सुपरवायझर. त्याच्याकडे काही मशीन, त्यावरची माणसे आणि शिफ्टचे टार्गेट असते. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यांतील अनेक सुपरवायझर आयटीआय किंवा डिप्लोमा करून मशीनवर उभे राहिलेले आणि कामातल्या हुशारीमुळे वर आलेले असतात. बढती मिळते त्या दिवशी त्यांचे काम मुळापासून बदलते. कालपर्यंत माप स्वतः घेता येत होते, मशीनचा बदललेला आवाज स्वतःच्या कानाला कळत होता. आजपासून या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून कळणार असतात, आणि तो दुसरा सांगेलच याची खात्री नसते. म्हणून गडबड सुरू झाल्यापासून ती त्याच्या कानावर यायला किती वेळ लागतो, ही सुपरवायझरची सर्वांत खरी कसोटी ठरते. उत्पादनाचा आकडा आणि शिस्त महत्त्वाची आहेतच, पण दोन्ही या एका गोष्टीवर उभी असतात.

हा वेळ कसा लांबतो, हे पुणे परिसरातील एका कारखान्यात घडलेल्या प्रकरणावरून समजते. प्रस्तुत लेखक तेव्हा तेथील क्वालिटी विभागात होता आणि नंतरच्या चौकशीत बसला होता. सेकंड शिफ्टला एका सीएनसी लेथवर बोअर फिनिश करण्याचे काम चालू होते. अशा कामात इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो. ऑफसेट देऊन माप सावरता येते, पण आतला पृष्ठभाग खडबडीत होऊ लागतो. ऑपरेटरला ते संध्याकाळीच जाणवले. नवा इन्सर्ट स्टोअरमध्ये शिल्लक नव्हता. मशीन बंद करायचे तर बंद राहिलेला वेळ त्याच्या नावावर लागला असता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ऑपरेटरने स्वतःहून मशीन थांबवले होते, आणि शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर त्याला बोलणी खावी लागली होती. या ऑपरेटरने मग ऑफसेट देत काम चालू ठेवले आणि तपासणीच्या कागदावर ‘ओके’ लिहिले. मध्यरात्री शिफ्ट बदलली, पुढच्या माणसाने तेच पुढे चालवले. सकाळी चांगले आणि खराब जॉब एकाच लॉटमध्ये मिसळलेले होते. काही माल ग्राहकाकडे पोहोचलाही होता. कारखान्यात आणि ग्राहकाच्या गोदामात एकेक जॉब तपासून वेगळा करावा लागला.

चौकशीत ऑपरेटरने काही लपवले नाही. “साहेब, मला सातलाच कळलं होतं,” असे तो म्हणाला. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्या विभागातला सर्वांत चांगला सेटर म्हणून त्याचे नाव होते. त्याने कोणालाही ‘मला सांगू नका’ असे कधी म्हटले नव्हते. पण आठवड्याच्या सुरुवातीच्या त्या बोलण्यातून सगळ्या लाइनने स्वतःपुरता अर्थ काढला होता: मशीन थांबवणाऱ्याला त्रास होतो, चालू ठेवणाऱ्याला लगेच काही होत नाही. माणसे सूचनाफलकापेक्षा साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहून नियम शिकतात. सांगणाऱ्याला मिळालेला प्रतिसाद त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, तो चहाच्या सुट्टीत सगळ्यांपर्यंत जातो.

यावर संशोधनही झालेले आहे. हार्वर्डमधील अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या पथकांचे नेतृत्व चांगले, त्यांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या: चांगल्या पथकांत चुकांची संख्या जास्त दिसत होती. तेथे चुका जास्त होत नसून त्या मोकळेपणाने सांगितल्या आणि नोंदवल्या जात होत्या, असे स्पष्टीकरण पुढे आले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ पथकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलले तर अपमान होणार नाही असा विश्वास जेथे होता, तेथे शिकणे अधिक होते, असे त्यात दिसले. सुपरवायझरने यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. नव्याने हाती आलेल्या लाइनवर पहिल्या महिन्यात रिजेक्शनची नोंद वाढली तर ती चांगली खूण असू शकते. फळ्यावर आठवडेच्या आठवडे शून्य दिसत असेल, तर मात्र प्रत्यक्ष जाऊन खराब जॉबची लाल पेटी पाहावी.

प्रतिसादाची सवय बदलणे हे पहिले काम. वाईट बातमी आल्यावर तोंडातून निघणारा पहिला प्रश्न आधीच ठरवून ठेवावा, कारण घाईच्या वेळी विचार करून बोलणे फार थोड्यांना जमते. “का बंद केलं?” हा प्रश्न खरोखर कारण विचारण्यासाठी असला, तरी ऐकणाऱ्याला तो आरोपच वाटतो. “कुठपासूनचे जॉब बाजूला काढायचे?” हा प्रश्न मालाबद्दल आहे. त्याचे उत्तर देताना ऑपरेटरला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, आणि कामाच्या दृष्टीनेही तोच सर्वांत निकडीचा असतो: संशयास्पद माल आधी वेगळा व्हायला हवा, कारणांचा शोध नंतर. त्या पाठोपाठ, बरे झाले लगेच सांगितले, एवढे म्हणणे पुरते. ते आवाज चढवून म्हटले तर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी अडचण कुशल माणसालाच येते. जो उत्तम सेटर होता, तो बोलावणे येताच स्वतः मशीनवर उभा राहतो. ऑपरेटर बाजूला सरकतो, पाच मिनिटांत काम मार्गी लागते, सगळ्यांना हायसे वाटते. पण ऑपरेटर त्यातून काही शिकत नाही. शिवाय साहेबाला बोलावणे म्हणजे मशीन हातातून जाणे, असे त्याच्या मनात बसते, आणि पुढच्या वेळी तो आधी स्वतःच निभावून नेण्याचा प्रयत्न करतो. त्या प्रकरणातील सुपरवायझरची ख्याती त्याच्याच आड आली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हात मागे बांधून शेजारी उभे राहणे आणि काय दिसते, काय करणार, असे विचारत राहणे फार जड जाते. सुरुवातीला वेळही जास्त लागतो. तरीही सुपरवायझरला स्वतःला घडवायचे असेल, तर याच सवयीपासून सुरुवात करावी. बाकीच्या सवयी तिच्या आधाराने येतात.

टोयोटाच्या कारखान्यांतील दोरीची पद्धत याच मुद्द्यावर उभी आहे. काही चुकते आहे असे वाटले की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. ठरलेल्या जागेपर्यंत लाइन चालत राहते. तोपर्यंत अडचण सुटली तर ती थांबत नाही, सुटली नाही तर थांबते. या विचाराचे मूळ मागात आहे. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे. अनेक कारखान्यांनी दिवे आणि दोऱ्या बसवल्या, पण दिवा लागल्यावर येणारे कोणी नेमले नाही. असा दिवा थोड्याच दिवसांत कोणी लावेनासे होते. बोलावल्यावर कोण येतो, किती लवकर येतो आणि आल्यावर काय म्हणतो, यावर सगळे अवलंबून असते.

बातमी नेहमी बातमीच्या रूपात येत नाही. हाताखालचा माणूस पुष्कळदा आडून सुचवतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएमच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने प्रश्नाच्या रूपात बोलून दाखवली होती. कॅप्टन अत्यंत ज्येष्ठ, वैमानिकांना प्रशिक्षण देणारा होता. त्याने दुसरे विमान बाजूला गेले आहे असे ठामपणे सांगितले आणि विषय तेथेच संपला. या आणि अशाच इतर अपघातांनंतर विमान कंपन्यांत दुहेरी शिक्षण सुरू झाले: कॅप्टनने शंका ऐकून घ्यायची, आणि हाताखालच्याने ती स्पष्ट शब्दांत पुन्हा मांडायची. शॉप फ्लोअरवर “आज जरा आवाज वेगळा येतोय, नाही का साहेब?” हे वाक्य याच जातीचे असते. तेथे थांबून, कोणता आवाज, कधीपासून, चल दाखव, असे म्हणणे हे सुपरवायझरचे काम आहे.

फेरी मारतानाही हेच लागू होते. “सगळं ठीक?” याचे उत्तर “हो साहेब” असेच येणार. “आज कुठल्या मशीननं त्रास दिला?” असे विचारले तर त्रास होणे गृहीतच धरलेले असते आणि बोलणाऱ्याला तक्रारखोर ठरण्याची भीती उरत नाही. फेरीची वेळ ठरलेली असावी, आणि रिपोर्ट भरण्यासाठी ती बुडवू नये.

सर्वांत उशिरा कोण बोलतो, याचे उत्तर बहुतेक लाइनवर एकच असते: ज्याला गमावण्याची भीती जास्त तो. कंत्राटी कामगार, ट्रेनी, नुकताच लागलेला मुलगा. कंत्राटी कामगाराला उद्यापासून येऊ नको म्हणायला कंत्राटदाराला फारसा वेळ लागत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्यात भाषेची भर पडते. चाकण, भोसरीच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसे मराठी कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. मीटिंग मराठीत होते, हसणे-खिदळणे मराठीत होते, आणि ज्याला अर्धेच कळते तो मान डोलावून मशीनवर जातो. साध्या हिंदीत पुन्हा सांगणे आणि काय समजले ते त्याच्याकडून वदवून घेणे, यात कोणाचा मान कमी होत नाही. शब्द अपुरे पडत असतील तर खराब जॉबचा नमुना हातात देऊन, असा दिसला की मला हाक मार, असे दाखवावे. या माणसांकडे सुपरवायझरने आपण होऊन जायला हवे, कारण ती स्वतः येण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हे सांगणाऱ्याला कळले पाहिजे. इन्सर्ट संपल्याचे आज कळवले, तर उद्या उत्तर मिळावे: मागवला आहे, अमुक दिवशी येईल, तोपर्यंत या मशीनवर दुसरा जॉब लावू. काही करता येण्यासारखे नसेल तर तेही कारणासह सांगावे. नकार माणूस पचवतो, पण उत्तरच आले नाही की पुढचे सांगणे थांबते.

मोकळेपणा म्हणजे सर्व माफ असे नव्हे, आणि येथे गोंधळ करणारा सुपरवायझर लवकरच अडचणीत येतो. नकळत झालेली चूक, माहीत असून लपवलेली चूक आणि जाणूनबुजून मोडलेला सुरक्षेचा नियम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजाचा इंटरलॉक बांधून ठेवून मशीन चालवणाऱ्याला त्या क्षणी थांबवावे लागते, तेथे एकांताची वाट पाहायची नसते. उरलेल्या बाबतीत समज एकट्याला बाजूला घेऊन द्यावी. सांगणारा आणि लपवणारा यांना मिळणारी वागणूक वेगळी आहे, हे लाइनला दिसले पाहिजे. दोघांना सारखेच बोलले गेले, तर लपवणे हाच शहाणपणा ठरतो.

शिफ्ट बदलताना बातमी हरवण्याचा धोका सर्वाधिक असतो. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि पाइपचे तोंड तात्पुरती चकती लावून बंद केले होते. ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच पंप सुरू केला आणि वायूची गळती होऊन स्फोट झाला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या, आणि कामाच्या परवान्यांची शिस्त हा त्यांतला एक मोठा विषय होता. लहान कारखान्यात अशा आगीचा धोका नसेल, पण अर्धवट राहिलेले काम, तात्पुरती केलेली जोडणी, ऑफसेटवर ढकलत आणलेले मशीन तेथेही रोज असते. चार्ज देणे-घेणे केबिनमध्ये न करता मशीनपाशी उभे राहून करावे. लॉगबुकात लिहावे आणि तोंडीही सांगावे. काय पूर्ण झाले यापेक्षा काय अर्धे आहे ते आधी सांगावे. घेणाऱ्याने ऐकलेले उलट बोलून दाखवावे.

स्वतःच्या वाढीसाठी सुपरवायझरने एक छोटी वही ठेवणे उपयोगी ठरते. शिफ्ट संपल्यावर तीत दोनच गोष्टी लिहायच्या: आज कोणती गोष्ट उशिरा कळली, आणि ती आधी कोणाला माहीत होती. काही आठवड्यांनी वही चाळली की तीच नावे, तेच मशीन, तीच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. मग त्या माणसाने का सांगितले नाही याचा शोध स्वतःच्या वागण्यापासून सुरू करता येतो. रागाच्या भरात कोणाला सर्वांदेखत बोलले गेले असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सर्वांदेखतच दिलगिरी व्यक्त करावी. ज्यांनी बोलणे ऐकले, त्यांनीच ते मागे घेतलेलेही ऐकायला हवे.

हाताखालची माणसे सुपरवायझर स्वतः वर काय सांगतो हेही पाहत असतात. मॅनेजरच्या सकाळच्या मीटिंगमध्ये तो रिजेक्शनचा आकडा झाकत असेल, तर लाइनवर सत्याचा आग्रह धरण्याला अर्थ राहत नाही. वर बातमी देताना क्रम असा असावा: काय झाले, किती माल अडवला, सध्या काय करत आहोत, आपल्याकडून काय हवे. असे मांडले की चर्चा दोषावर न अडकता मदतीकडे वळण्याची शक्यता वाढते. वरचा साहेबच आरडाओरडा करणारा असेल, तर तो ताण खाली न पोहोचू देणे हे या जागेचे सर्वांत कठीण काम असते. ते एकट्याने फार काळ निभत नाही. अशा वेळी शेजारच्या लाइनच्या सुपरवायझरांनी मिळून लेखी माहिती वर द्यावी.

सुपरवायझर बदलला की लाइन पुन्हा गप्प होते, हा नेहमीचा अनुभव आहे, कारण विश्वास माणसावर बसलेला असतो. म्हणून जाणाऱ्याने नव्या माणसाबरोबर काही दिवस फेरी मारावी, ऑपरेटरांनी कळवलेल्या आणि अजून न सुटलेल्या गोष्टींची यादी त्याच्या हाती द्यावी, आणि त्या त्या ऑपरेटरसमोरच सांगावे की हे काम आता हे साहेब पाहतील.