शेततळ्यांतील माशांस खाद्य किती द्यावें?

गव्हाणींत बैलांनीं टाकलेलें चघळ सकाळीं काढून उकिरड्यावर टाकतां येतें. तळ्यांत टाकलेलें खाद्य मात्र परत काढतां येत नाहीं. माशांनीं तें खाल्लें तर त्याचें मांस होतें. न खाल्लें तर तळाशीं कुजतें, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च करून अमोनिया हें विष सोडतें. म्हणून मासा किती खाईल, याबरोबरच पाणी किती पचवील, हेंही पालकानें पाहिलें पाहिजे.

माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत डाळिंब व द्राक्षें यांसाठीं शेततळीं झालीं आहेत. २०१६ सालीं निघालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनें त्यांत भर घातली. त्यांत कटला, रोहू व मृगळ हे मासे एकत्र पाळतां येतात. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. मातीच्या तळ्यांत शेवाळ व सूक्ष्म जीव यांचें आयतें अन्न पुष्कळ असतें. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांत तळचें अन्न कमी. तेथें वरून घालावयाच्या खाद्यावर भिस्त अधिक, आणि चुकीची शिक्षाही अधिक.

खाद्य अंदाजानें न घालतां माशांच्या वजनावर ठरवावें. दर महिन्यास फेकजाळें टाकून वीस-पंचवीस मासे धरावे, तोलावे व सरासरी काढावी. उदाहरणार्थ, १० गुंठ्यांच्या तळ्यांत ५०० बोटुकलीं सोडलीं व त्यांपैकीं ४५० जगलीं असें धरल्यास रोजचा हिशेब असा होतो:

सरासरी ५० ग्रॅम: एकूण वजन साडेबावीस किलो, शेंकडा ५ प्रमाणें सुमारें १ किलो १०० ग्रॅम.
सरासरी २०० ग्रॅम: एकूण ९० किलो, शेंकडा ३ प्रमाणें २ किलो ७०० ग्रॅम.
सरासरी ५०० ग्रॅम: एकूण २२५ किलो, शेंकडा २ प्रमाणें साडेचार किलो.

मासा वाढतो तसें शेंकडा प्रमाण उतरतें, हें ध्यानांत ठेवावें. हवा मिसळणारें यंत्र नसेल तर एवढ्या तळ्यास दिवसास ५ किलोंच्या वर जाऊं नये.

भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घ्यावा. पेंड रात्रीं भिजवून सकाळीं कोंड्यांत मळावी. बुरशी आलेली पेंड मुळींच वापरूं नये. गोळे पाण्यांत न फेकतां थाळींत ठेवून दोरीनें सोडावे. कोंकणांत खाऱ्या पाण्याच्या तळ्यांतून कोळंबी पाळणारे लोक अशीच थाळी दोन-तीन तासांनीं उचलून पाहतात. थाळींत उरलें तर दुसऱ्या दिवशीं कमी करावें; लवकर फस्त झालें तर थोडें वाढवावें. गोड्या पाण्यांतील झिंगा सोडला असल्यास तो रात्रीं चरतो. त्याचा वाटा सायंकाळीं द्यावा.

पुढील प्रसंगीं हात आखडावा. आभाळ भरून आल्यास शेवाळ प्राणवायु कमी सोडतें. त्या दिवशीं खाद्य निम्मे करावें किंवा बंद ठेवावें. थंडींत माशाची भूक मंदावते. तेव्हां प्रमाण उतरवावें. पाण्यांत हात बुडविला असतां वीतभर खोलीवरच तळहात दिसेनासा झाला, तर शेवाळ फार माजलें असें समजावें. पहांटे मासे वर येऊन तोंडें वासूं लागले, तर ती भूक नव्हे, गुदमर होय. त्या वेळीं खाद्य घालणें म्हणजे बुडत्याच्या गळ्यांत धोंडा बांधणें. खाद्य थांबवून ताजें पाणी सोडावें, अथवा पंपानें तळ्याचेंच पाणी उंचावरून तळ्यांत पाडावें.

आपल्या भागांत खरी कसोटी उन्हाळ्यांत लागते. बागेस पाणी देतां देतां तळें निम्म्यावर येतें. मासे मात्र तेवढेच, किंबहुना अधिक वजनाचे असतात. कागदावरचा हिशेब खाद्य वाढवा असें सांगतो, परंतु पाण्याची ताकद अर्धी झालेली असते. अशा वेळीं खाद्य वाढवूं नये. मोठे मासे काढून विकावे आणि उरलेल्यांस पाणी पाहून खाऊं घालावें. वर्षभर वाढविलेलें पीक वैशाखांतील एका पहांटे उलटें तरंगतांना पाहण्यापेक्षां चार मासे लवकर विकलेले बरे.