किल्ली कोणाच्या हाती?

कोकणातल्या विचुंब्यास राहावयास आल्यापासून, उमेदीची वर्षे हिशेबखात्यात घालविलेला मनुष्य म्हणून असेल, आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे दफ्तर तपासण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. आणि त्या ओघात जो प्रकार पाहावयास मिळाला, तो इतर संस्थांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे नमूद करीत आहे.

परगावी गेलेल्या एका पदाधिकाऱ्यांनी संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड असलेली फाइल कुलूपबंद करून व्हॉट्सॲपवर धाडली आणि लगेच खालच्याच संदेशात ते कुलूप उघडण्याचा शब्दही लिहिला. ज्यांना ती मिळाली त्यांचा फोन दुरुस्तीच्या निमित्ताने परक्या हाती गेला, आणि थोड्याच दिवसांत सभासदांना देखभाल खर्चाची बिले आली: मसुदा तोच, शिक्का तोच, फक्त बँकेचा खाते क्रमांक निराळा. काहींनी पैसे भरलेही.

कुलूप एका वाटेने आणि किल्ली दुसऱ्या वाटेने पाठवावी, हे आता पोरेसोरेही सांगतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती पलीकडच्या माणसाची खातरजमा. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले की, पूर्वी किल्ली न ठरविलेल्या दोघांना उघड्या तारेवर बोलूनही, चोरून ऐकणाऱ्यास थांग लागू न देता, समाईक गुप्त संख्या ठरविता येते. परंतु ती कोणाशी ठरली हे त्या गणितातून कळत नाही, सबब मध्ये बसलेला तोतया दोघांशीही वेगवेगळी किल्ली ठरवून सारा मजकूर निवांत वाचू शकतो. पानिपतात पडलेल्या भाऊसाहेबांच्या नावाने उठलेल्या तोतयाने, १७७६ साली देहान्त शासन होण्यापूर्वी, आमच्या याच कोकणातले किल्ले घेतले होते, आणि किल्ल्यांना कुलपे नव्हती असे थोडेच आहे!

म्हणून नागपुरास असलेल्या आमच्या संस्थेच्या खजिनदारांशी व्यवहार सुरू करण्यापूर्वी मी साधा फोन लावला आणि व्हॉट्सॲपमधील पडताळणीचे साठ आकडे, पाचापाचांचे बारा गट, एकेक करून वाचले. पावसात रेंज जाई, मग ‘पुन्हा सांगा’ म्हणून मागचा गट परत घ्यावा लागे. तो कंटाळा सोसावा. किल्ली धाडल्यावर पोच आली नाही, तर तीच पुन्हा पाठवू नये. ती कोठे अडकली हे ठाऊक नसल्याने नवी करावी.

पासवर्डाचे दोन तुकडे करून दोन मार्गांनी धाडण्याची युक्ती पुष्कळांना सुचते, तथापि आठ अक्षरांपैकी चार कळली की बासष्ट चिन्हांतून उरलेल्या चार जागांना जेमतेम दीड कोटी पर्याय राहतात, आणि बंद फाइलीवर ते चालवून पाहणे यंत्राला जड नाही. त्यापेक्षा आदी शामिर यांनी १९७९ साली सुचविलेली तजवीज उत्तम: पाच वाटे असे करावयाचे की कोणतेही तीन जमल्यास गुपित उघडेल, दोघांच्या वाट्यांतून मात्र तसूभरही उलगडणार नाही. आमच्या समितीने तेच केले आहे. मात्र वाटेकऱ्यांपैकी कोणी घर विकून गेले, की मूळ पासवर्ड बदलून वाटे नव्याने करावे लागतात, आणि आमच्या इमारतीत घरे बरीच विकली जातात.