दात शिवशिवणे : उपचारांचा तुलनात्मक विचार

थंड पाण्याचा घोट घेताच कळ जाते आणि रुग्ण 'रूट कॅनॉलच करून टाका' असा आग्रह धरतो. आमच्या दंतविभागात हा प्रसंग नेहमीचा. हिशेब पाहणाऱ्या आम्हां मंडळींना त्यातील अनाठायी खर्च खटकतो, म्हणून हे टिपण.

हिरडी मागे सरली वा दाताचे कवच झिजले, की आतील डेंटिनच्या सूक्ष्म नलिका उघड्या पडतात. थंडाने त्यांतील द्रव हलतो व कळ नसेपर्यंत पोहोचते. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नस शांत करते. मात्र ती रोज दोनदा, २ ते ४ आठवडे नेमाने वापरावी लागते. अनेकजण आठवड्यातच कंटाळतात. फ्लोराइड वार्निश नलिकांची तोंडे बुजवते. ते काही मिनिटांत लावून होते, पण काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. हिरडीलगत खाच पडली असल्यास ती भरून घेणे इष्ट. मशेरीने क्षणभर बरे वाटते खरे, पण दात झिजतो. तिला उपाय म्हणवत नाही.

थंड गेल्यावरही कळ रेंगाळत असेल किंवा रात्री ठणका लागत असेल, तर कीड वा तड असू शकते. अशा वेळी पेस्टवर विसंबून न राहता दात दाखवावा. रूट कॅनॉलचा विचार तेथेच योग्य.