बिल पक्कं तर हक्क पक्का

बापू, घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, पंगती उठल्या. आता मांडवाचे बांबू सोडायच्या आधी माझ्या चार गोष्टी ऐकून घे. पुढल्या पाच-सात वर्षांत या घरातलं एकेक यंत्र, एकेक भिंत काहीतरी कुरकुर काढणारच. तेव्हा दुकानदार कंपनीकडे बोट दाखवेल, कंपनी मेकॅनिककडे आणि मेकॅनिक महावितरणच्या वोल्टेजकडे. वॉरंटीचं भांडण खरेदीच्या दिवशीच जिंकून ठेवायचं असतं लेका. बिघाडाच्या दिवशी फक्त कागद काढून दाखवायचा.

कच्च्या चिठ्ठीवर भुलू नको. अमरावतीच्या बाजारात तुला हळूच विचारतील, "बिल पायजे काय भौ? मंग जीएसटी वर लागंल." हजार-दोन हजार वाचतात हे खरं, पण त्या चिठ्ठीवर ना मॉडेल असतं, ना मशीनचा नंबर. पक्कं बिल घे. त्यावरचा नंबर आणि मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर दुकानातच ताडून बघ. वॉरंटी कार्डावर शिक्का, सही आणि तारीख तिथेच मारून घे. हल्लीची गुळगुळीत कागदावरची बिलं वर्षभरात पांढरीफट्ट होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढ आणि मोबाईलमध्ये फोटो ठेव. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला भिऊ नको. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर कायदा तीस दिवस धरतो.

आपल्याकडचा पत्र्याचा कूलर कंपनीचा नसतो, गल्लीतच जुळवलेला असतो. त्याला कार्ड कुठून येणार? मग बिलाच्या पाठीवर दुकानदाराच्या हातून लिहून घे: मोटर इतके महिने, पंप इतके महिने. ताट्या आणि गंज यांचं कोणी लिहून देणार नाही, ते मागूही नको.

कार्ड उलटीकडून वाच. काय मिळणार ते ठळक अक्षरात असतं, काय मिळणार नाही ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. फ्रीजवर ‘दहा वर्षं’ छापलेलं असतं, ती दहा वर्षं कॉम्प्रेसरची. बहुतेक कार्डांत बाकीच्या फ्रीजला एकच वर्ष असतं. पुढे कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी आणि ने-आण तुझ्याच खिशातून जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘३६ + २४’ असं लिहितात. म्हणजे पहिले छत्तीस महिने बदलून मिळेल, पुढचे चोवीस महिने नव्या बॅटरीवर नुसती सूट. बदलून मिळालेल्या बॅटरीची मुदतही सहसा जुन्याच तारखेपासून चालू राहते. आणि बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या ती कारखान्यातून निघाल्याच्या महिन्यापासून मोजतात. दुकानात सहा महिने पडून राहिली असली तर ते सहा महिने तुझे गेले.

आपल्या मुलखाची खोट ओळख. पलीकडे भातकुली-दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा सुरू होतो. बोअरचं पाणी क्षाराचं असलं की गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो, आरओची मेम्ब्रेन लवकर चोंदते. कंपनी म्हणते, हा पाण्याचा दोष, वॉरंटीत नाही. म्हणून घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासून घे, आणि किती टीडीएसपर्यंत जबाबदारी घेता ते विक्रेत्याकडून लेखी माग. वोल्टेज कमी-जास्त होऊन पंपाची वाइंडिंग जळाली तर तेही बहुतेक कार्डांत वगळलेलं असतं. स्टॅबिलायझर आणि चांगल्या स्टार्टरचे पैसे त्यासाठी लावायचे. गच्चीवर सोलर घेशील तेव्हा वानरांचा विचार आधी कर. पॅनलची पंचवीस वर्षांची हमी असते ती वीजनिर्मितीची. वानरानं उडी मारून काच फोडली तर ती हमी कामाची नाही, तिथे विमाच लागतो. पीएम सूर्यघर योजनेत बसवलंस तर पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडे असते. त्याचा करारनामा सही करून हातात घेतल्याशिवाय शेवटचे पैसे सोडू नको.

वाढीव वॉरंटी दुकानात ठरवू नको. काउंटरवरचा पोरगा म्हणेल, "काका, थोडेसेच भरा, तीन वर्षं बिनधास्त." त्याला चारच सवाल कर: मुदत आजपासून की कंपनीची वॉरंटी संपल्यावर? योजना कंपनीची, दुकानाची की तिसऱ्याच कोणाची? सुटे भाग आणि मजुरी दोन्ही त्यात आहेत का? आणि यंत्र दुरुस्त होण्याजोगं नसेल तर पैसे देताना घसारा कापणार का? उत्तरं लेखी मिळाली आणि वस्तू महागाची, नाजूक सर्किटची असली, तर घे. मिक्सर-पंख्याला घेऊ नको, ते आपला गल्लीतला मिस्त्री निम्म्यात नीट करतो. हप्त्यांवर घेताना या योजनेची रक्कम हप्त्यातच गुपचूप मिसळतात, तेव्हा कर्जाचा कागद ओळीनं वाच. कर्ज काढून सण करू नका म्हणून गाडगेबाबा जन्मभर कीर्तनात सांगत फिरले, आणि १९५६ साली आपल्याच वलगावजवळ, पेढीकाठी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मुलखात राहून न वाचलेल्या हप्त्यावर सही करायची नाही.

अमेरिकेत तर अख्ख्या घराच्या यंत्रांची एकत्र वॉरंटी विकतात. वर्षाची रक्कम वेगळी, मिस्त्री आला की दर खेपेची फी वेगळी. दावा केला की ‘हा दोष आधीचाच होता’ म्हणून नकार, ही तिकडच्या घरवाल्यांची नेहमीची तक्रार. मुलूख बदलला तरी रड तीच. म्हणून यंत्र चालू स्थितीत असतानाचा व्हिडिओ काढून ठेवणं कुठेही फायद्याचं.

ठेकेदाराची तोंडी गॅरंटी पावसात वाहून जाते. तुझ्या स्लॅबच्या वेळी तो काय म्हणाला होता आठव: "माही गॅरंटी हाय काका, धा वर्सं थेंब नाई टपकनार." मी म्हटलं, लिहून दे. तर म्हणतो, "इस्वास नाई काय?" विश्वास आहे म्हणूनच लिहून घ्यायचं बाप्पा. स्टँप पेपरवर चार ओळी: काय काम, कोणतं साहित्य, गळती निघाली तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं. थोडी रक्कम एक पावसाळा जाईस्तोवर राखून ठेव. शेवटचा हप्ता देण्याआधी स्लॅबवर आळी घालून दोन दिवस पाणी भरून ठेव आणि खालून छताला हात लावून बघ. ओल तिथेच सापडते.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. प्लास्टरला केसाएवढी चीर पडली तर घाबरू नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर भिंतीच्या आरपार निघाली तर मात्र तिच्यावर काचेची पातळ पट्टी पीओपीनं आडवी चिकटव आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिही. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून चालते आहे. मग ठेकेदार ‘रंगाची चीर आहे’ म्हणाला तरी पट्टी आणि तारीख तुझ्या बाजूनं बोलतील.

फ्लॅट घेणाऱ्याला वेगळं कवच आहे. धाकट्याला अमरावतीत फ्लॅट घ्यायचा आहे ना, त्याला सांग. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर भरपाई. फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतच फ्लॅट असतील, तर त्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून नोंदणी क्रमांक आधी बघायचा. ताब्याचं पत्र तारखेसह जपायचं, कारण पाच वर्षं तिथून मोजतात. आणि दुरुस्तीच्या आधी स्वतः फोडाफोडी करायची नाही, नाहीतर बिल्डर म्हणेल, दोष तुमच्याच हातोड्याचा.

तक्रार तोंडी नको. यंत्र बिघडलं की आधी गल्लीतल्या मिस्त्रीला उघडायला देऊ नको. सील तुटलं की वॉरंटी गेली. कंपनीच्या नंबरवर फोन कर, तक्रार क्रमांक वहीत लिही, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिही. मेकॅनिक आला की त्याच्याकडून जॉबशीट घे. ‘पार्ट येईल’ म्हणाला तर तेही त्याच कागदावर लिहायला लाव. मेकॅनिकशी वाद घालू नको, चहा दे. तो कंपनीचा मालक नाही, पण जॉबशीटवर खरं कारण लिहिणारा तोच आहे.

दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कर. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर स्पीड पोस्टानं नोटीस, आणि मग अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस गुडगावला असो की चेन्नईला, तू राहतोस त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइनही दाखल होतो. मुदत मात्र दोन वर्षांची. ही सोय आभाळातून पडली नाही. १९७४ साली पुण्यात बिंदूमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिनं आणि तिच्यासारख्यांनी रेटा लावला तेव्हा १९८६ ला कायदा आला.

आता हिशेबाचं. पाचशे रुपयांच्या पंपासाठी अमरावतीच्या खेपा घालू नको. तिथे पैसे देऊन मोकळा हो. पण स्लॅब, फ्रीज, सोलर, बॅटरी यांत एक रुपया सोडायचा नाही, आणि आवाजही चढवायचा नाही. भांडखोराला टाळतात, कागदवाल्याला टाळता येत नाही.

जा, एक जाड फाईल आण. फ्रीजचं बिल सासऱ्याच्या पाकिटात असेल, बॅटरीचं कार्ड दुकानातच राहिलं असेल. तेवढं आज संध्याकाळच्या आत गोळा कर.