केनियाला निघालेल्या भाचीस

चिरंजीव भाचीस,



तुमच्या मंडळीतील तरुणांची तुकडी येत्या ऑगस्टात दोन आठवडे केनियातील किसुमू येथे मुक्काम करणार असून तेथील शाळकरी मुलामुलींशी स्नेह जोडण्याचे काम तुझ्याकडे सोपविले आहे, हे वाचून फार आनंद झाला. परंतु इतक्या अल्प अवधीत त्या मुलांचा विश्वास संपादून त्यांना सुवार्ता कशी सांगावी, असे जे तू विचारतेस, त्यातला क्रमच मला खटकला. स्नेह हे साधन आणि उपदेश हे साध्य अशी वाटणी मनात एकदा झाली, म्हणजे ती लपत नाही. चौदापंधरा वर्षांच्या वयाला दुसऱ्याचा हेतू मोठ्या माणसांपेक्षा फार लवकर उमगतो.

शिवाय तू ज्यांना सुवार्ता सांगू पाहतेस ते बहुतेक तिच्यातच वाढलेले आहेत. २०१९ च्या खानेसुमारीप्रमाणे त्या देशात शेकडा ८५ माणसे ख्रिस्ती आहेत, आणि तेथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पुढारी जॉन गाटू यांनी तर १९७१ साली अमेरिकेत जाऊन, परदेशी मिशनरी व परदेशी पैसा यांचा ओघ काही काळ थांबवावा, अशी जाहीर मागणी केली होती. तिच्यामागे कृतघ्नता नव्हती. आपल्या पायांवर उभे राहू इच्छिणाऱ्या मंडळीचा स्वाभिमान होता. हे आपल्याला तरी समजावयास हवे. तू आज शिकतेस त्या अमेरिकेतूनच १८१३ साली मिशनरी मुंबईस आले व १८३१ पासून आपल्या अहमदनगरास त्यांचे ठाणे झाले. १८२७ साली आलेल्या सिंथिया फरारबाईंनी मुलींना शिकविण्यात उभा जन्म वेचला आणि १८६२ साली त्या नगरासच वारल्या. अशा माणसांचे ऋण मी कधीही नाकारणार नाही. तरीही १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरायाह या तरुण हिंदी पाळकाला उभे राहून सांगावे लागले की, मिशनऱ्यांचा त्याग व श्रम आम्हांस मान्य आहेत, परंतु आम्हांस प्रेमही हवे आहे, मित्र हवे आहेत. दया करणारे पुष्कळ होते. बरोबरीने घरी बोलावून जेवावयास बसविणारे थोडे होते. घेणाऱ्यांच्या बाजूस राहिलेल्या घराण्यातील तू मुलगी आहेस. देणाऱ्यांच्या तुकडीतून जाताना हे विसरू नकोस.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग १९०१ साली सरोवराकाठी किसुमूस पोहोचला. तो बांधण्यास हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, आणि पुढे हिंदी व्यापाऱ्यांची दुकाने त्या मुलखात ठिकठिकाणी झाली. त्यामुळे ती मुले तुला अमेरिकन न म्हणता मुहिंदी, म्हणजे हिंदी माणूस, म्हणतील, आणि त्या नावामागे मालक व नोकर या जुन्या नात्याचे अंतर असेल. तुझ्या गोऱ्या सोबत्यांस जे कौतुक सहज मिळेल ते तुला मिळाले नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. ते अंतर बोलण्याने कमी होत नाही, एकत्र कामाने होते. तिकडेही सणासुदीस व पाहुण्यांसाठी चपात्या करतात: लाटलेल्या पोळीला तेल लावून तिची गुंडाळी करावयाची, ती चक्रासारखी वळवून पुन्हा लाटावयाची, म्हणजे भाजताना पदर सुटतात. मुली या कामास बसल्या की त्यांच्या शेजारी बैस, आणि तुला लाटता येते म्हणून शिकवू मात्र नकोस. त्यांच्या रीतीने लाट, बिघडली तर त्यांना हसू दे, आणि त्या हसण्याच्या ओघात शाळेचे, भावंडांचे, केसीएसई नावाच्या त्यांच्या शालान्त परीक्षेचे बोलणे आपोआप निघेल. बोर्डाच्या परीक्षेची धास्ती काय असते ते तुला नगरच्या शाळेने शिकविलेच आहे. तुझी श्रद्धा त्यांनी विचारली तर मोकळेपणाने सांग, आणि त्यांचीही ऐक; प्रार्थनेची सवय त्यांच्यापैकी कित्येकांना तुझ्याहून अधिक असेल.

एखादे मूल शाळेच्या फीसाठी पैसे मागेल. त्यास लबाडी समजू नकोस. फी थकल्यामुळे घरी परत पाठविलेली मुले तिकडे पुष्कळ असतात. परंतु परस्पर पैसे देऊ नकोस, कारण त्या क्षणापासून तुमचे नाते ऋणको आणि धनको यांचे होईल आणि बाकीची मुले दुरून पाहत राहतील. ही गोष्ट तेथल्या पाळकांच्या कानावर घाल, मदत त्यांच्या मंडळीमार्फत व रीतसर होऊ दे. कोणाही मुलाबरोबर एकान्तात राहू नये आणि पालकांच्या परवानगीवाचून छायाचित्र काढू नये, हे तर तुमच्या नियमांतच असेल. ते काटेकोर पाळ.

वचनांच्या बाबतीत विशेष जपावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निरोपाच्या दिवशी भावना उचंबळून ‘पुढल्या वर्षी नक्की येईन’ असे तोंडून निघून जाते, आणि ज्याने ते ऐकले तो पुढचे वर्षभर वाट पाहतो. येणे निश्चित नसेल तर तसे स्पष्ट सांग. पत्रव्यवहार थोड्यांशीच, पण त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारून, आणि नेमाने ठेव. शेवटच्या वर्गातील मुलांची परीक्षा नोव्हेंबरात आटोपते, तेव्हा पेपर कसे गेले असे विचारणारे तुझे पत्र डिसेंबर उजाडण्यापूर्वी त्यांच्या हाती पडेल असे कर.

मामी सलाम सांगते. निघण्याची तारीख ठरताच कळव.

तुझा,
मामा